निर्माल्याचा वाफा

खोली बघायला मुलुंडला गेले तेव्हा माझ्या हातात मनीप्लांटची कुंडी होती. आधीच्या घरातून निघताना मैत्रिणीने ती बळेच दिली होती. घरमालकांनी दार उघडलं. माझं नाव विचारलं नाही, नोकरी कुठे ते विचारलं नाही, कुंडी मागितली. फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, कुंडी उलटी करून बुडावर दोन थापा मारल्या आणि मनीप्लांट मातीसकट बाहेर काढलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मुळं बोटांनी विंचरली, वास घेतला, एक मूळ नखाने खरवडलं. मी दारातच उभी. मग सगळं होतं तसं भरून ठेवून त्यांनी आत हाक मारली, "अगो, चाय ठेव. ह्या चेडू रवतला आपल्याकडे." चेडू म्हणजे मुलगी; खोली मला मिळाली होती.

माझ्याआधी एक मुलगी खोली बघून गेली होती, असं मला नंतर कळलं. तिच्याकडे जास्वंदीची कुंडी होती. तिला खोली मिळाली नाही.

मी विम्याच्या ऑफिसात अपघात झालेल्या गाड्यांचे क्लेम तपासते. गाडी समोरून ठोकली म्हणणाऱ्याचा मागचा बंपर बघायचा, हे माझं काम. त्यामुळे घरमालक काकांच्या पद्धतीत मला तसं वावगं काही वाटलं नाही. ते स्वतः टेलिफोन खात्यात केबल जोडणारे होते. सगळी नोकरी रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून झालेली. लोकांचा फोन बंद पडतो घरात आणि बिघाड असतो जमिनीखाली, ही गोष्ट त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की निवृत्त झाल्यावर खड्डा सुटला, खाली बघायची खोड सुटली नाही. "वरून सगळीच हिरवी असतत," असं ते झाडांबद्दल म्हणायचे. कधीकधी सोसायटीच्या कमिटीबद्दलही म्हणायचे.

कुणाच्याही घरी गेले की काका आधी बाल्कनीत जात. यजमान पाणी आणेपर्यंत एखादं टोमॅटोचं नाहीतर मिरचीचं रोप त्यांच्या हातात आलेलं असे, मुळांसकट. त्यात वाईट हेतू अजिबात नसे. मुळांवर गाठी दिसल्या तर ते यजमानांना बसवून समजावत: ह्या गाठींत सूत्रकृमी आहेत, डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्यासारखे किडे, ते मुळातलं अन्न खातात, मुळं सुजतात आणि झाड उपाशी मरतं. चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नखाने चटकन निघतात, त्या चांगल्या. ह्या निघत नाहीत. मुळं धडधाकट निघाली तर ते रोप परत खोचत आणि अभिनंदन करत. रोप तसंही दोन दिवसांनी मान टाकायचं. बिल्डिंगमध्ये लोक काकांना जेवायला बोलवायचे ते हॉटेलात.

एका वर्षी तुळशीच्या लग्नात त्यांनी नवरी उपटली. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या तुळशीचं लग्न होतं, खाली अंगणात सगळी बिल्डिंग जमलेली. काका पहिल्यापासून अस्वस्थ होते, कारण तुळशीची पानं पिवळट होती. मंगलाष्टकं पूर्ण होऊ दिली, अक्षता टाकल्या, एवढं भान त्यांनी ठेवलं. मग लोक पेढे घेत असताना ते वृंदावनापाशी गेले. ज्यांच्या घरचं लग्न होतं त्या बाई किंचाळल्या तेव्हा काका उसाच्या मांडवाखाली मुळं उजेडाकडे धरून उभे होते आणि सगळ्यांना सांगत होते, "बघा, पोरगी आजारी असा. कोणी सांगितला नाय तुमका?" त्या बाई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तुळस वारली, पण ती तशीही वारणारच होती, हे काकांचं म्हणणं मी तपासून पाहिलं आणि मला ते मान्य करावं लागलं.

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी लोक सूर्य, कमळ आणि चहाचा कप टाकायचे. काका टोमॅटोच्या गाठाळलेल्या मुळाचा फोटो टाकायचे आणि खाली लिहायचे, शुभ प्रभात.

हे वेड त्यांना जन्मापासून नव्हतं. त्याची सुरुवात कुठे झाली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

घर तळमजल्यावर. मागच्या दारातून बाहेर पडलं की कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चिंचोळी पट्टी, त्यात एक लांब वाफा. त्या वाफ्यात काकू वांगी लावायच्या. काकूंचं माहेर मालवणजवळचं. लग्न होऊन मुंबईला निघाल्या तेव्हा आईने पदरात जे काय बांधून दिलं त्यात वांग्याचं बी होतं. हिरवट वांगं, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे, शिजलं की लोण्यासारखं. दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत ठेवायचं, त्याचं बी काढून राखेत घोळवायचं आणि हिंगाच्या डबीत ठेवायचं, असं त्यांनी संसारभर केलं. मग आई गेली, भावांनी परसात आंब्याची कलमं लावली, आणि ते वांगं जगात फक्त मुलुंडला उरलं.

निवृत्तीनंतर काकांनी काकूंना मदत करायचं ठरवलं. हायवेकडेच्या एका नर्सरीतून टोमॅटोची चार रोपं आणली आणि काकूंच्या वाफ्याच्या टोकाला लावली. रोपं दिसायला तरतरीत होती. त्यांच्या मुळांना जी माती चिकटलेली होती तिच्यातून सूत्रकृमी आले. पुढच्या वर्षी वांगी खुजी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी दुपारी माना टाकायला लागली. तिसऱ्या वर्षी एकही वांगं बी धरण्याइतकं मोठं झालं नाही. डबीत जुनं बी चिमूटभर उरलं, आणि वांग्याचं बी काही वर्षांनी रुजायचं थांबतं.

काकू ह्यावर काही बोलल्या नाहीत. हीच खरी अडचण होती. चिडल्या असत्या, भांडी आपटली असती, तर काका सुटले असते. त्या मागच्या दारात उभ्या राहून वाफ्याकडे बघायच्या आणि आत जाऊन भात लावायच्या. मी त्यांच्याकडे राहायला आले ते ह्या सुमाराला.

काकांनी माती बरी करायचा चंग बांधला. बाजारात दाणेदार औषध मिळतं, ते मातीत टाकलं की काम होतं, असं दुकानदाराने त्यांना सांगितलं. काकांनी पाकिटावरची कवटी दाखवून विचारलं, "ह्या वांग्याक घालायचा आणि वांगा बायकोक घालायचा?" दुकानदार म्हणाला, सगळेच घालतात. काका तिथून निघाले ते सरळ निंबोळी पेंडेचं पोतं घेऊन आले. त्यांनी पोत्यावर लिहिल्याच्या दुप्पट पेंड घातली आणि तिला कुजायला वेळ न देता लगेच रोपं लावली. रोपं जळली. आठवडाभर अशी दुर्गंधी सुटली की सोसायटीच्या अध्यक्षांनी ड्रेनेजवाल्याला बोलावलं. तो बिचारा सगळी झाकणं उघडून बघत बसला.

मग करंजाचा पाला झाला. मग एरंडाची पेंड झाली. गल्लीतल्या कडुनिंबाखाली निंबोळ्या पडायच्या दिवसांत काका सकाळी पिशवी घेऊन हजर असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "पाय देव नका" म्हणून थांबवत. रोपांसाठी माती निर्जंतुक हवी म्हणून त्यांनी ती कुकरमध्ये शिजवली. तीन शिट्ट्या. काकूंनी कुकर घासला, पण त्यातल्या वरणाला पावसाळ्याचा वास येतच राहिला. मग एक दिवस त्या बाजारातून नवीन कुकर घेऊन आल्या आणि जुन्यावर खडूने 'माती' असं लिहिलं.

ह्या सगळ्याने किडे थोडे हटायचे आणि परत यायचे. खरा उपाय झेंडू आहे, हे काकांना माहीत होतं. झेंडूच्या जिवंत मुळांतून जे काही झिरपतं ते ह्या किड्यांना सोसत नाही. पण त्यासाठी वाफा भरून झेंडू लावायचा, दोनतीन महिने वाढू द्यायचा, मग तिथेच चिरून मातीत गाडायचा. म्हणजे वांग्याचा एक अख्खा हंगाम सोडायचा. डबीतलं बी म्हातारं होत असताना काकांच्याने ते होत नव्हतं. "ह्या वर्षी नाय रुजला तर?" असं ते मला विचारायचे, जणू मी त्याचा विमा उतरवणार होते. मी म्हणायचे, "काका, घाण मातीत रुजून तरी काय करणार?" ते परत पेंड आणायचे.

तशात त्यांनी ग्रुपवर झेंडूवर एक लांबलचक मजकूर टाकला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की झेंडूने मातीतले किडे मरतात. मुळं, जिवंत झाड, दोनतीन महिने, हे सगळं खाली होतं. ते खालचं वाचायला बोट टेकवावं लागतं. बिल्डिंगमध्ये कुणी टेकवलं नाही.

दसरा झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न असतो, सुकलेल्या तोरणांचं करायचं काय. देवाचं फूल, कचऱ्यात टाकवत नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही. आदल्या वर्षापर्यंत लोक पिशव्या भरून तलावाकडचा निर्माल्य कलश शोधत फिरायचे. ह्या वर्षी त्यांना काका आठवले. मी ऑफिसातून आले तेव्हा वाफा दिसत नव्हता. दाराची तोरणं, देव्हाऱ्याचे हार, स्कूटरचे हार, लिफ्टचा हार, नाक्यावरच्या रिक्षांचे हार, मध्ये आंब्याची पानं आणि दोरे. तुळशीवाल्या बाईही वर्षभराचा अबोला मोडून आल्या होत्या. "काका, अख्खी पाच किलो आहेत," त्या म्हणाल्या. "आता तुमचे किडे मेलेच समजा." अध्यक्ष म्हणाले, "बोला काका, अजून पाहिजेत तर बाजूच्या विंगला सांगतो ना."

काकांनी सगळ्यांना हात जोडले. सगळे गेल्यावर ते मला म्हणाले, "गो, वाट लावली मेल्यांनी. फुलांनी काय होता? मुळां व्हयी, मुळां!" आणि फावडं उचललं.

काकू मागच्या दारात आल्या. "निर्माल्य आहे ते," त्या म्हणाल्या. "फावडं लावायचं नाही."

"मगे मी लागवड खंय करू?"

"ते मला माहीत नाही. आणि वाफ्यात चप्पल घालून जायचं नाही."

काकूंनी वाफ्याबद्दल एवढं बोलण्याची मला आठवत असलेली ती पहिली वेळ. काकांनी फावडं भिंतीला टेकवलं. त्यांनी फक्त दोरे तेवढे वेचून काढले, अनवाणी, वाकून, तोंडाने सबंध बिल्डिंगचा उद्धार करत.

दिवाळीच्या आगेमागे वाफ्यावर बारीक हिरवं काही दिसू लागलं. मला वाटलं गवत. काकांनी एक उपटलं, चुरगळलं, वास घेतला आणि वाफ्याच्या कडेने टोकापर्यंत वाकून बघत गेले. सुकल्या फुलांत बी असतं, ते सगळं रुजलं होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडू, मुंगीला वाट मिळणार नाही इतका दाट. जे करायची काकांची छाती होत नव्हती ते देवाधर्माच्या धाकाने झालं होतं. आता उपटणार कोण? काका दोन दिवस विचार करत फिरले आणि मग नाइलाजाने झेंडू राहू दिला. त्या थंडीत ते रोज अनवाणी वाफ्यात उतरून पाणी घालायचे. पाय फुटले. काकू रात्री त्यांच्यापुढे आमसुलाच्या तेलाची वाटी ठेवायच्या.

फुलं आली तेव्हा सगळी बिल्डिंग बघायला आली. अध्यक्षांनी वाफ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर टाकला, आपल्या सोसायटीचा उपक्रम म्हणून. जानेवारी सरता सरता काकांनी काकूंची रीतसर परवानगी घेतली, झेंडू मुळांसकट बारीक चिरला, मातीत मिसळला आणि वर थोडी निंबोळी पेंड टाकली. ह्या वेळी पोत्यावर लिहिली होती तितकीच. डबीतलं सगळं बी त्यांनी आधीच शिजवलेल्या मातीत पेरलं होतं. मागे काही ठेवलं नव्हतं. पाच रोपं उगवली.

ती पाच रोपं वाफ्यात गेली, वाढली, जांभळी फुलं आली, आणि एप्रिलच्या उन्हात एका दुपारी पाचही जणांनी माना टाकल्या.

दुपारी माना टाकणं हे त्या रोगाचं पहिलं लक्षण, काकांनीच मला शिकवलेलं. तीन दिवस ते छत्री घेऊन वाफ्यापाशी बसले. छत्री रोपांवर, स्वतः उन्हात. जेवायला बोलावलं तर येत नव्हते. मी म्हटलं, "काका, एक उपटून बघा ना. बाकीच्यांचं काय करायचं ते तरी कळेल."

काकांचा हात एका देठापर्यंत गेला आणि परत आला. इतकी वर्षं परक्यांची झाडं उपटलेला माणूस, आणि घरचं एक उपटवत नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"माका जमूचा नाय," ते म्हणाले. "तू उपट. तू दिवसभर लोकांचा खोटा पकडतंस, तुका स्वतः खोटा बोलूक येवचा नाय. बघ आणि काय ता सांग." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी सगळ्यात अशक्त रोप निवडलं. त्यालाही दोन वांगी होती, लहान. बुडाशी धरून सावकाश ओढलं. मुळं बाहेर आली. मी वाकून बघितलं, मग चष्मा पुसून परत बघितलं.

"हां?" भिंतीकडून आवाज आला.

"पांढरी आहेत. लांब आहेत. खूप आहेत."

"गाठी?"

"आहेत."

काकांची पाठ हलली नाही.

"एका बाजूला आहेत, तीनचार. बाकी सगळी स्वच्छ," मी म्हटलं. "आणि काका, खालची माती कोरडी ठणठणीत आहे."

ते वळले. रोप हातात घेतलं, गाठ नखाने खरवडली. निघाली नाही. तेच किडे होते, पण एवढ्याशा गाठींनी झाड मरत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग त्यांनी माती बोटांत चुरली. पाण्याबरोबर किडे एका झाडाकडून दुसऱ्याकडे वाहत जातात, म्हणून ते आठवडाभर झाडांना चमच्याने पाजावं तसं पाणी घालत होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "तहान लागलीय त्यांना. मी चार दिवस बघतेय."

"मगे बोललंस नाय ता?"

"तुम्ही मला कधी विचारलंत?"

काका उभे राहिले. नळाला पाइप लावला आणि चारही रोपांना पोटभर पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत चौघं ताठ झाली. सगळ्यात जोमदार झाडावरच्या एका वांग्याला काकांनी लाल दोरा बांधला, बियांसाठी. मग त्यांनी काकूंना विचारलं, बरोबर वांगं निवडलं का. काकूंनी खिडकीतून बघितलं आणि शेजारचं दाखवलं. काकांनी दोरा सोडून शेजारच्याला बांधला.

उपटलेल्या रोपाची दोन वांगी काकूंनी त्या रात्री केली. आम्ही तिघं जेवायला बसलो. काका जेवत नव्हते, काकूंच्या तोंडाकडे बघत होते. मीही बघत होते. काकूंनी एक फोड भाताबरोबर खाल्ली, दुसरी नुसतीच खाल्ली, आणि घास तोंडात तसाच धरून बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. मी राहायला आल्यापासून त्यांनी ह्या वांग्याबद्दल, आईबद्दल, माहेराबद्दल ह्या घरात चकार शब्द काढला नव्हता, आणि माझ्यासमोर त्या कधी मालवणीही बोलल्या नव्हत्या.

"आये ह्येच्यात सोलां घालायची," त्या म्हणाल्या. "आमसुलां. मी आज घालूक इसारलंय."

काकांनी तेव्हा कुठे पहिला घास घेतला.

"मगे उद्या घाल," ते म्हणाले.

"उद्या घालतंय," काकू म्हणाल्या, आणि उरलेली भाजी त्यांच्या ताटात वाढली.